भुवईवरचं बटण

ठाकुर्ली पूर्वेच्या त्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर बसला की लोक दुकान गाठायच्या आधी आठल्यांच्या क्षिप्राकडे जात. क्षिप्रा सदतीस वर्षांची, लग्न न केलेली, कोलशेतच्या एका शाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरीला. दिवसभर तिथे लोकांचे पासवर्ड आणि प्रिंटर सांभाळायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मशीनच उघडून बसायचं. शेजारणींना याचं नवल वाटे. तिला वाटत नसे. ऑफिसातलं ते काम, आणि घरातलं ते आपलं, एवढा साधा हिशेब होता.

आतल्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते, तिन्ही तिने स्वतः जोडलेले. एकाचं कॅबिनेट कायम उघडं असे, कारण त्यात रोज काहीतरी बदललं जाई. भिंतीला लागून प्लास्टिकचे खण होते. त्यांत स्क्रू, बटणांखालची रबरं, सुटे पडदे, बारीक तारांची रिळं. महिन्यातून एखाद्या शनिवारी ती कल्याणच्या अनिमेषबरोबर स्कूटरवरून शीळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामांत जाई. अनिमेषलाही हाच नाद. कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथे ढिगाने येत आणि त्या ढिगात कधी कधी हातात धरून खेळायचे जुने गेम सापडत. पडदा फुटलेला, बॅटरी पाझरून आतलं सगळं हिरवं पडलेलं. क्षिप्रा ते घरी आणी, स्पिरिटने पुसे, बोर्डावरच्या विजेच्या तुटलेल्या वाटा केसाएवढ्या तारेने सांधे, नवा पडदा बसवी. पडदा उजळला की एक डाव खेळे आणि कपाटात ठेवून देई. असे एकतीस गेम तिने जिवंत केले होते.

तिचे वडील मधुसूदन आठल्ये, सगळ्यांचे मधुकाका, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे भाग पेन्सिलीने कागदावर काढण्यात त्यांची हयात गेली. मुलीच्या नादाला ते ‘खेळणी’ म्हणत. पण निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांनी कपाटातला एक गेम उचलला आणि तो परत ठेवलाच नाही. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खालच्या फटीत नेमके बसवायचे, असा तो गेम. रेषेत रेष बसवणाऱ्या माणसाला तो आवडला नसता तरच आश्चर्य. रोज दुपारचा चहा झाला की बाल्कनीत खुर्ची टाकून ते तासभर खेळत.

बावीस सालची दिवाळी संपली आणि एक दिवस ते म्हणाले की उजवीकडचं बटण अडकतंय. क्षिप्राने गेम उघडला, पुसला, दिला. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. या वेळी तिने बटणाखालचं रबर बदललं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तेव्हा तिने दुसऱ्या गेममधला चांगला बोर्डच काढून यात घातला आणि समोर उभी राहून म्हणाली, आता दाबा. त्यांनी दाबलं. ठोकळा न फिरता तसाच खाली आला. क्षिप्राने गेम हातात घेऊन दाबलं, तर लगेच फिरला. तिने तो परत त्यांच्या हातात दिला आणि या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर होता. बटण खाली जात नव्हतं.

“बटण नाही गं,” ते म्हणाले. “अंगठाच आहे.”

अंगठा आणि तर्जनीमधलं मांस आत बसून तिथे खळगा पडला होता. तीन आठवडे ती धडधाकट मशीन दुरुस्त करत होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तीन आठवडे आधी आला असता तरी काही फरक पडला नसता. पण हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सुया टोचून, तपासण्या करून दोन महिन्यांनी निदान सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत होत्या. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. औषध नाही. क्षिप्राचा मोठा भाऊ साकेत कागदांची जाडजूड फाइल घेऊन आला होता आणि त्याने तासभर प्रश्न विचारले. तो कोलशेतलाच एका टॉवरमध्ये बायको-मुलीसह राहत होता. आई मंदाकिनीबाई, शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या. त्यांनी एकच विचारलं, जेवता येईल ना. काही काळ, डॉक्टर म्हणाले.

क्षिप्राने त्या रात्रीपासून काम काढलं. हे एकच तिला येत होतं. आधी तिने त्या गेमला रुपयाच्या नाण्याएवढी बटणं बसवली. मग सगळी बटणं डाव्या हाताकडे आणली. डावा हात गेला तेव्हा पायाच्या अंगठ्याखाली पट्टी दिली. तोवर मधुकाकांची जीभ जड झाली होती. आधी ते काय बोलतात हे फक्त मंदाकिनीबाईंना कळे, मग त्यांनाही कळेना. तेव्हा गेम बाजूला पडला आणि क्षिप्रा त्यांच्या बोलण्याच्या मागे लागली.

आता त्यांच्या हुकमात खात्रीने राहिलं होतं ते कपाळ. उजव्या भुवईवर तिने एक चपटं, नखाएवढं बटण चिकटपट्टीने लावलं. भुवई उचलली की ते दाबलं जाई. समोरच्या पडद्यावर बाराखडीच्या ओळी एकामागून एक उजळत. हवी ती ओळ आली की भुवई उचलायची, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळत, मग काने-मात्रा. एक शब्द लिहायला सुरुवातीला तीन-चार मिनिटं लागत. पहिल्या दिवशी सगळे पलंगाभोवती उभे होते. मधुकाकांनी पाव तास खपून लिहिलं, “भाजीत मीठ नाही.” साकेत मोठ्याने हसला. मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण ते दमत. तेव्हा क्षिप्राने त्यात एक सोय घातली. एक-दोन अक्षरं लिहिली की मशीन तो शब्द ओळखून खाली तीन पर्याय दाखवी. त्यातला निवडला की झालं. शब्द ओळखायला मशीनला आधी पुष्कळ वाक्यं वाचायला द्यावी लागतात, आणि मधुकाकांचं स्वतःचं लिखाण म्हणजे ‘पोचलो’, ‘ठीक’, ‘दूध आणले’ एवढेच मेसेज. म्हणून क्षिप्राने आपले दहा वर्षांचे मेल आणि गप्पा त्यात ओतल्या. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तिला वाटलं नाही. मधुकाकांचं बोलणं तिपटीने वाढलं. कधी कधी ते ‘चालेल की’ म्हणत. उभ्या जन्मात ते असं बोलले नव्हते. ती क्षिप्राची लकब. मंदाकिनीबाई म्हणत, हे तुझं बोलणं आहे, आणि सगळे हसत.

चोवीसच्या फेब्रुवारीपर्यंत श्वासासाठी नाकातोंडावर मास्क लागला होता. मास्क पुरेनासा झाला की गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, मग कायमचं व्हेंटिलेटरवर, हे डॉक्टरांनी मधुकाकांच्या समोरच सांगितलं होतं. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मंदाकिनीबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दिवसपाळीला ठेवलेल्या कलावतीबाई आत जेवत होत्या. मधुकाकांनी लिहायला घेतलं. ‘नळी’ हा शब्द त्यांनी अक्षर अक्षर लावून लिहिला. पुढे ‘न’ लिहिताच खाली ‘नको’ आलं, ते त्यांनी निवडलं. मग, “घरीच.” मग बराच वेळ थांबून, “मंदाला सांगू नको. रडेल.”

क्षिप्राने विचारलं, बाबा, नक्की? भुवई वर गेली. दादाला सांगू? पुन्हा वर गेली. तिने पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती साकेतच्या घरी गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की थकलेला माणूस असं बोलतो, उद्या विचारलंस तर वेगळं सांगतील. तू येऊन विचार, ती म्हणाली. तो हो म्हणाला आणि आला नाही. त्याचंही एक दुखणं होतं. त्या पडद्यासमोर त्याला बसवत नसे. बाबांनी दोन अक्षरं लिहिली की वाक्य तोच पुरं करी, पाय चेपी आणि निघे.

नळी नको असं आधी लिहून ठेवता येतं, साक्षीदार लागतात, सही-शिक्का लागतो, हे क्षिप्राने शोधून काढलं होतं. पण कागद केला की आईला कळणार. आईला सांगू नको म्हणून वडिलांनी सांगितलेलं. आणखी थोडं थांबू, असं करत तिने दोन महिने घालवले.

एप्रिलमध्ये एका सकाळी सात वाजता मधुकाकांच्या छातीत कफ अडकला आणि ओठ निळे पडले. रुग्णवाहिका आली, डोंबिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की नळी घालायची की नाही हे लगेच ठरवावं लागेल, फार तर दहा मिनिटं. साकेत कोलशेतहून धावत पोचला होता. कॉरिडॉरमध्ये तिघं उभी होती. क्षिप्राने मोबाइल काढून फोटो समोर धरला.

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“मंदाला सांगू नको,” त्या हळू म्हणाल्या. “मला का नाही सांगितलं?”

साकेतने मोबाइल हातात घेतला.

“एक सांग,” तो म्हणाला. “हे सगळं त्यांनी लिहिलं, की तुझ्या मशीनने पुरवलं?”

“नळी त्यांनी लिहिलं. अक्षर अक्षर.”

“आणि नको?”

क्षिप्राला खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचा प्रश्न होता.

“नको मशीनने दाखवलं,” ती म्हणाली. “त्यांनी निवडलं.”

“म्हणजे तो शब्द तुझा.”

“तीन शब्द होते, दादा. त्यांनी तो निवडला. मी नंतर विचारलं, तेव्हा भुवई उचलली.”

“ती दर दोन मिनिटांनी उचलली जाते. मी पाहिलंय.”

डॉक्टरांनी विचारलं की पेशंटची सही असलेला काही कागद आहे का. नव्हता. त्यांनी मंदाकिनीबाईंकडे बघितलं. त्या भिंतीला हात टेकून उभ्या होत्या.

“मला ते हवेत,” त्या म्हणाल्या. “घाला नळी.”

चौतीस दिवसांनी मधुकाका व्हेंटिलेटरसह घरी आले. त्या संध्याकाळी क्षिप्राने त्यांच्या भुवईवर बटण चिकटवलं आणि पडदा समोर ओढला. त्यांनी लिहायला सुरुवात केली. खाली शब्द येत होते, पण त्यांनी एकही घेतला नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा स्वतः लावली. वीस मिनिटांनी पडद्यावर वाक्य उभं राहिलं.

“तू सांगितलं नाहीस?”

सांगितलं, ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, मी उशीर केला.” आई स्वयंपाकघरात होती; तिचं नाव घेणं क्षिप्राला जमलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर एकोणीस दिवस त्यांनी भुवई उचलली नाही. बटण चांगलं होतं हे क्षिप्राला ठाऊक होतं. तिने ते तपासलंही नाही.

विसाव्या दिवशी त्यांनी एक शब्द लिहिला, “ठोकळे.” तिने एका बटणावर चालेल असा तो गेम रविवारभर बसून तयार केला. ते रोज दुपारी खेळू लागले आणि रोज हरू लागले. भुवई वेळेवर उचलली जात नसे आणि ठोकळे वेडेवाकडे रचून वरपर्यंत भरत. एरवी लिहीत ते फक्त कामापुरतं. खाज. डावा कान. पंखा. कूस. वाक्य असं त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

क्षिप्राचे दिवस आता असे चालले. सकाळी कफ ओढायचा, नळीभोवतीची पट्टी बदलायची, कलावतीबाई आल्या की स्कूटर काढायची. साडेसहाला परत. सातला कलावतीबाई जात. मग औषधं, नाकातल्या नळीतून पातळ जेवण, दर दोन तासांनी कूस. शीळफाट्याच्या फेऱ्या बंद झाल्या. अनिमेष दोनदा येऊन गेला, मग फोन करू लागला, मग तेही कमी झालं. तीनपैकी दोन कॉम्प्युटर तिने मोडले. त्यांच्या भागांतून आणि भंगारातून पूर्वी आणलेल्या जुन्या यूपीएसमधून तिने वीज गेली तर चालेल अशी सोय उभी केली. त्या भागात दुरुस्तीसाठी चार-चार तास वीज जाई. तिच्या बॅटऱ्यांवर व्हेंटिलेटर सात तास चालत असे. इतकं नेटकं काम तिच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी वीज गेली. पंखा थांबला, पडदा विझला. कोपऱ्यात टक् असा आवाज झाला आणि व्हेंटिलेटर क्षणभरही न अडखळता चालत राहिला. मधुकाकांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग क्षिप्राकडे बघितलं. ती उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. वीज येईपर्यंत ती आत आली नाही.

थंडीत भुवईही सैल पडली. क्षिप्रा डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा बसवण्याच्या खटपटीत होती. पण त्यांच्या पापण्या अर्ध्याच उघडत आणि कॅमेऱ्याला बुबुळ सापडत नसे. तेवढ्यात मंदाकिनीबाईंनी, ज्यांनी त्या पडद्याला कधी हात लावला नव्हता, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने बाराखडी लिहिली. शाळेतल्या फळ्यावरची असावी तशी, ठळक. पलंगाशी बसून त्या एकेक ओळ मोठ्याने म्हणत. हवी ती ओळ आली की मधुकाका नजर वर नेत. मान हलत नव्हती, भुवई हलत नव्हती, पण नजर जात होती. रोज दुपारी हा पाठ चाले.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी क्षिप्रा घरी आली तेव्हा मंदाकिनीबाई मेथी निवडत होत्या. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मी त्यांना विचारलं. तुझं मशीन बंद करून.”

“काय विचारलंस?”

“पुन्हा तसं झालं तर हॉस्पिटलात न्यायचं का. आठ दिवस रोज विचारलं. कधी सकाळी, कधी दुपारी. कधी उलटं करून विचारलं. आठही दिवस तेच सांगतात.” त्यांनी एक जुडी संपवून दुसरी ओढली. “नको म्हणतात.”

क्षिप्रा समोर बसली.

“त्या दिवशी नळी मी माझ्यासाठी घातली,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “त्यांनी मला सोडून तुला सांगितलं, त्याचाही राग होता. तो डॉक्टर दहा मिनिटं म्हणाला आणि मी रागात होते.”

साकेतला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. तो आल्यावर कॅलेंडर त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची पलंगाशी ओढून दिली. विचार, म्हणाल्या. साकेतने विचारलं. पन्नास मिनिटं लागली. या वेळी तो एकही शब्द मध्ये बोलला नाही, फक्त ओळी म्हणत राहिला. उत्तर तेच आलं. तो उठू लागला तर वडिलांची नजर पुन्हा वर गेली होती. तो परत बसला. त्यांनी आणखी दोन शब्द लावले. “जेवून जा.”

साकेत त्या दिवशी जेवून गेला. दुसऱ्याच आठवड्यात वकील, साक्षीदार सगळं आणून कागद त्यानेच करून घेतला.

मार्चमध्ये ताप आला. कुठेही न्यायचं नाही असं ठरलं होतं. डॉक्टर घरी येऊन त्रास होऊ नये एवढं औषध देऊन जात. क्षिप्राने दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ती कामावर गेली. साडेअकराला ती हिशेब विभागातला प्रिंटर उघडून बसली होती, तेव्हा कलावतीबाईंचा फोन आला. माणकोलीच्या पुलावरून ती पाऊण तासात घरी पोचली.

आत शांत होतं. मंदाकिनीबाई पलंगाच्या कडेला त्यांचा हात धरून बसल्या होत्या. बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडीच्या जागी नुसत्या रेघा होत्या. पण छाती वर जात होती, खाली येत होती, अगदी संथ, नेहमीसारखी. व्हेंटिलेटर चालू होता. कलावतीबाई दाराशी उभ्या होत्या. हळू आवाजात त्या म्हणाल्या की डॉक्टर निघालेत, आणि मशीनला कुणी हात लावला नाही. सगळी तुमची मशीनं, ताई. काय कुठे दाबायचं आम्हाला काय ठाऊक.

डॉक्टर दहा मिनिटांनी आले. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, डोळ्यांत टॉर्च मारला आणि क्षिप्राकडे बघून मान हलवली. त्या दहा मिनिटांत ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ती छाती बघत होती. मग तिने व्हेंटिलेटर बंद केला. तो ओरडू लागला, तसाच ओरडतो तो. तिने मागे हात घालून वायर काढली, आणि कोपऱ्यात जाऊन एकेक करत बॅटऱ्याही सोडवल्या. त्यांतला शेवटचा लाल दिवा विझायला जरा वेळ लागला.

व्हेंटिलेटर भाड्याचा होता, तो परत गेला. पलंग कलावतीबाईंच्या ओळखीने दुसऱ्या एका घरी गेला. साकेत आता दर रविवारी येतो. कॉरिडॉरमधल्या बोलण्याबद्दल तो कधी काही म्हणाला नाही आणि क्षिप्रानेही काढलं नाही. मे महिन्यात अनिमेषने कल्याणच्या एका माणसाची गोष्ट सांगितली, तोच आजार, हात गेलेले. क्षिप्राने बटण करून दिलं, कसं चिकटवायचं ते फोनवर समजावलं. त्या घरी ती गेली नाही.

एका गोष्टीवर मायलेकींचं अजून पटलेलं नाही. नळीनंतरचे ते अकरा महिने आपल्याला मिळाले असं मंदाकिनीबाईंना वाटतं. तसं त्या एकदाच म्हणाल्या, मधुकाकांचे कपडे बांधून देताना. ते बाबांकडून काढून घेतले, असं क्षिप्राला वाटतं. ती तेव्हा नुसती घडी घालत राहिली. संध्याकाळी ती साडेसहाला येते. आठला दोघी जेवायला बसतात, आणि जेवताना मंदाकिनीबाई बातम्या लावतात.